सुटका झालेल्या मुलाला दिवाळीत वाडीवर पाठवायचं का? पहिल्या भेटीबद्दल सल्ला हवाय

शेवंती:
नमस्कार मंडळी. मी एका बालगृहात अधीक्षिका आहे. तालुका-जिल्हा मुद्दाम लिहीत नाही आणि मुलाचं नाव तर नाहीच, कृपया कोणी विचारू नका. मुलगा कातकरी, वय अकराच्या आसपास, म्हणजे डॉक्टरांनी दात-हाडं बघून सांगितलेलं, जन्माची नोंदच नाहीये. 2022 च्या पावसाळ्यातली इगतपुरी तालुक्यातल्या उभाडेची बातमी आठवत असेल, कातकरी पोरं नगरकडच्या मेंढपाळांकडे राबायला दिली होती, त्यात एक लहान मुलगी दगावली आणि मग आदिवासी-मजुरांसाठी काम करणाऱ्या श्रमजीवी संघटनेने ते प्रकरण लावून धरलं. आमचा मुलगा त्यातला नाही पण गोष्ट तीच. आजीच्या आजारपणात बापाने पैसे उचलले, वर्षाला इतके रुपये आणि एक मेंढी अशी तोंडी बोली झाली आणि पोरगा मेंढरांमागे गेला. सुटका झाल्यापासून आमच्याकडे आहे. आता शाळेत रमलाय, वाचतो बऱ्यापैकी, भाताचा ढीग बघून आधी घाबरायचा की हे संपलं तर, ते आता कमी झालंय.

गणपतीत बाकीच्या पोरांचे घरचे भेटायला आले तेव्हापासून याचं सुरू झालंय, मला वाडीवर कधी नेणार. आई एकदाच आली होती, गेटजवळ उभी राहून बघून गेली, आत आलीच नाही. शेजारच्याच्या मोबाईलवर बोलणं होतं तर म्हणते, आणा त्याला दिवाळीला, धाकटा पण विचारतो. बाप फोनवर येत नाही.

माझी अडचण अशी की भाऊबीज झाली की वाडी रिकामी होते. सगळे वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला जातात, मुकादम बयाणा देऊन ठेवतो. तेव्हाच हा घरी असला तर? शिवाय ज्याने मेंढपाळाशी गाठ घालून दिली तो याचा सख्खा मामा, त्याच वाडीवर राहतो, केस चालू आहे आणि हा साक्षीदार. आमच्या समुपदेशक म्हणतात केस संपेपर्यंत पाठवूच नका. पण केस कधी संपणार? आणि न पाठवावं तर रात्री हा मला विचारतो, बाई, आईला मी नकोय का. मग दुसऱ्या दिवशी विचारतो, गेलो तर परत देतील का मला कोणाला. दोन्ही प्रश्न एकाच पोराचे आहेत, आणि दोन्हीला माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी प्लीज लिहा.

माजी_सदस्य:
ताई, मी काही वर्षं एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर होतो त्यामुळे आधी कायद्याचं सांगतो मग बाकीचं. घरी भेटीला नेणं आणि कायमचं घरी सोपवणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, पण वाडीवरच्या माणसाला हा फरक कोणी समजावत नाही आणि तिथेच घोळ होतो, पोरगा आला म्हणजे सुटला असं घरचे धरून चालतात. तुम्हाला हवीय ती भेट. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 98 मध्ये रजेची सोय आहे, समितीच्या परवानगीने, कोणाच्या तरी देखरेखीखाली, साधारण 7 दिवसांपर्यंत, प्रवासाचे दिवस सोडून. कलमात परीक्षा, नात्यातलं लग्न, मृत्यू, आईवडिलांचं आजारपण, अपघात असे प्रसंग लिहिलेत, सणाचं नाव नाही, म्हणून अर्जात नुसतं दिवाळी सुट्टी असं लिहू नका. मुलगा काय विचारतोय, रात्री झोपत नाहीये का, कुटुंबाशी नातं का टिकवायचंय हे सविस्तर लिहा. समिती ऐकते असा माझा अनुभव आहे, अर्ज नीट असला की. आणि 7 दिवस मिळाले म्हणून 7 दिवस ठेवायचं नसतं. पहिल्या खेपेला सकाळी नेऊन संध्याकाळी परत, फार तर एक रात्र, तीही तुमचं माणूस जवळपास असेल तरच.

मामाचं म्हणाल तर समितीला ते लेखी कळवा आणि सरकारी वकिलांच्या कानावर घाला. मुलाचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर झालाय का ते बघा (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 164 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 183). झाला असेल तर दबावाची भीती बरीच कमी होते, नसेल झाला तर आधी तो करून घ्या, भेट थोडी पुढे गेली तरी चालेल. पोलिसांची गाडी मात्र नेऊ नका. गाडी बघून अख्खी वाडी रानात जाते आणि पोराला वाटतं हे माझ्यामुळे झालं.

अनिकेत_पुणे:
माझं मत वेगळं आहे, कोणाला आवडणार नाही कदाचित. ज्यांनी एकदा पोटचं पोर पैशासाठी दिलं ते दुसऱ्यांदा देणार नाहीत कशावरून? त्या मुलाला आत्ता कुठे जेवण, शाळा, झोप मिळतेय. रक्ताचं नातं म्हणून त्याला पुन्हा त्याच जागी नेऊन उभं करणं मला बरोबर वाटत नाही. मोठा झाल्यावर त्याचं त्याला ठरवू दे. मी या क्षेत्रातला नाही, पण वाचून झोप उडाली म्हणून लिहिलं.

वाडीवरचा_मास्तर:
अनिकेत, तुमची कळकळ समजते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, बरीच वर्षं कातकरी वाड्यांवरच्या शाळांत शिकवतोय. पोर दिलं हा गुन्हा आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते देणं कसं होतं हे बघा. पावसाळ्यात भात लावणीचं काम संपलं की हातात काही नसतं, घराखालची जागासुद्धा बऱ्याचदा स्वतःच्या नावावर नसते, बँक दारात उभं करत नाही, मग आजारपण आलं की पैसे देणारा एकच, जो बदल्यात हात मागतो. मोठ्याचे हात आधीच भट्टीवाल्या शेठकडे बांधलेले, उरतात पोराचे. ते सांगतात जेवून राहील, कपडे करू, मेंढी देऊ. आईला वाटतं निदान तिथे पोटभर खाईल. हे मी बचाव म्हणून सांगत नाहीये, पुढच्या वेळी ते थांबवायचं तर कुठे हात घालायचा हे कळावं म्हणून सांगतोय. मोठा झाल्यावर ठरवेल म्हणता, पण तोवर आईवडील म्हणजे त्याच्या डोक्यात फक्त तो एक दिवस राहील ज्या दिवशी त्याला दिलं.

शेवंतीताई, दिवाळीत नेऊ नका एवढं मात्र ठामपणे सांगतो. तुमची शंका बरोबर आहे. दिवाळीला मुकादम वाडीवर येऊन बसलेला असतो, पैसे वाटप, उसनवारी, दारू, निघायची बांधाबांध, घरात कोणाचं लक्ष पोराकडे नसतं, आणि बिऱ्हाड टेम्पोत चढताना पोरगा तिथे असला तर तो चढतो, कोणी जबरदस्ती करायची गरजच नाही, सगळी भावंडं चाललीत तर तो मागे का राहील. त्याआधी न्या, नवरात्राच्या सुमाराला. भात कापणीला अजून वेळ असतो, वाडी भरलेली असते, नदीला पाणी असतं, मुठे-खेकडे मिळतात, घरात थोडंफार असतं. आई मोकळी असते. दुसरी संधी शिमगा, होळीला लोक भट्टीवरून वाडीवर येतातच, तेव्हा दुसरी भेट धरा. म्हणजे वर्षाचं एक चक्र बसतं आणि पोराला सांगता येतं की आता यानंतर शिमग्याला. तारीख ठाऊक असली की पोरं निम्मी शांत होतात.

नेण्याआधी तुम्ही किंवा तुमच्यातलं कोणीतरी एकदा पोराशिवाय जाऊन या. आईला गेटवर नाही, तिच्या ओट्यावर भेटा. आणि जाताना पोराला नवे कोरे कपडे, बूट, दप्तर असं सजवून नेऊ नका. संस्थांना वाटतं आपण किती छान ठेवलंय ते दिसावं, पण तिकडे भावंडं उघडी फिरत असतात आणि बापाला मान वर करता येत नाही. रोजचे धुतलेले कपडे घाला. खाऊ न्या तो सगळ्या घराला पुरेल असा.

डोंगरकुशीतला:
मी इथं वाचतो नुसतं, लिहीत नाय जास्त. आज लिहितो कारण मी पण कातकरी आहे आणि मी पण असाच होतो. माझी मेंढरं नव्हती, मला एका घरी गुरं आणि शेणाला ठेवला होता. मग आणला सोडवून आणि आश्रमशाळेत टाकला. आता नोकरी करतो, बायको पोरं आहेत.

पहिल्यांदा घरी नेला तेव्हाचं सांगतो. मला वाटलेलं आई पळत येईल. ती चुलीपुढं होती, तिनं वर बघितलंच नाय. ये म्हणाली, बस म्हणाली, आणि भाकर थापत राहिली. बाप मला बघून जाळं घेऊन नदीला गेला तो अंधार पडल्यावर आला. सोबतच्या सरांनी वहीत लिहिलं की घरच्यांना ओढ नाही, मला वाचता येत होतं, मी बघितलं ते. आणि मी पण तेच धरलं कितीतरी वर्ष. मग माझं लग्न ठरलं तेव्हा आई बोलली की मला तुझ्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती, तू विचारलं असतं का दिला तर काय सांगणार होते मी. बापानं त्या दिवशी नदीवरून मासे आणले होते ते सगळे मला वाढले, कोणी खाल्लं नाय, हे मला तेव्हा दिसलं पण कळलं नाय.

म्हणून ताई तुम्ही पोराला आधीच सांगून ठेवा की आई रडेल नाय रडेल, जवळ घेईल नाय घेईल, बाप बोलणार नाय कदाचित. आमच्यात असं पळत येऊन मिठी मारायचं नसतं तसं पण. आणि तुमच्या लोकांनी वही घेऊन समोर बसू नका. लांब कुठंतरी आंब्याखाली बसा, चहा दिला तर प्या, काळा असतो पण प्या. पोराला वाडीच्या पोरांबरोबर नदीला जाऊ द्या. तिथं तो बरोबर होतो. पोरं विचारतात तिकडं काय करायचा, कुत्रं होतं का, लांडगा बघितला का, तो सांगतो आणि मोठा होतो त्यांच्यात. घरात बसवला की पाहुणा होतो.

अजून एक, सगळ्यांच्या समोर त्याला विचारू नका इथं राहायचंय का परत यायचंय. माझ्यासमोर विचारलं होतं. आई ऐकते, सर ऐकतात, पोरानं कोणाला तोडायचं? कधी परत जायचं हे तुम्ही सांगायचं, त्याच्यावर टाकायचं नाय.

आणि पैशाचं. मला एकच जाणून घ्यायचं होतं की किती घेतले माझे. कोणी सांगेना. पोरगा हे विचारणार, आज नाय तर मोठा झाल्यावर. कोणीतरी खरं सांगा त्याला. कशासाठी घेतले ते पण सांगा, आजी आजारी होती ते. ते त्याला माहीत पाहिजे.

माजी_सदस्य:
दादा, तुम्ही लिहिलंत त्याला तोड नाही. भेटीचे अहवाल कसे वाचायचे हे समितीत बसणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं, ओढ नाही असं एक वाक्य लिहिलं की त्यावर पुढची वर्षं ठरतात.

पैशावरून आठवलं, ताई, बापाच्या मनात कर्ज अजून बाकी आहे का ते नक्की विचारा. बऱ्याचदा तिथेच सगळं अडलेलं असतं. त्याला वाटतं पोरगा पळवून आणला, आता मेंढपाळ पैसे मागायला येणार, म्हणून तो तोंड लपवतो आणि दुसऱ्याकडून बयाणा घेऊन पहिल्याचे फेडायचं बघतो. वेठबिगारी निर्मूलनाचा 1976 चा कायदा स्पष्ट सांगतो की असं कर्ज संपलेलं आहे, फेडायची जबाबदारी उरत नाही, आणि सावकाराने त्यापोटी पैसे घेतले तर तो गुन्हा. हे त्याला त्याच्या ओट्यावर बसून कोणी सांगितलंय का? मुलाचं मुक्तता प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला, प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळालंय का बघा. ते असेल तर केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत 30 हजारांपर्यंत मिळते, ती खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही. मुलांसाठी पुढची रक्कम 2 लाख आहे, त्यातले किमान सव्वा लाख त्याच्या नावे ठेवायचे असतात, ते मात्र निकालाशी जोडलेलं आहे. तातडीची रक्कम मिळालीच नाही अशा कितीतरी केसेस मी बघितल्या, कारण मागायला कोणी गेलं नाही.

शेवंती:
सगळ्यांचे आभार, आणि डोंगरकुशीतला दादा, तुमचं लिहिणं मी आमच्या समुपदेशकांना वाचून दाखवलं, त्या भेटीला तयार झाल्या. अनिकेत, तुमचाही राग मनावर घेतलेला नाही, आमच्या स्टाफमध्येही असं वाटणारे आहेत.

जाऊन आलो. आधी मी एकटी आईला भेटून आले, मग समितीची परवानगी घेऊन नवरात्रात त्याला नेलं, सकाळी गेलो संध्याकाळी परत. मुलाचा जबाब आधीच झालेला होता हे नशीब. मामा त्या दिवशी वाडीवर नव्हता, आईनेच त्याला लांब पाठवलं होतं असं नंतर कळलं, मी तिला तसं काही सांगितलं नव्हतं. बाप होता. पोराशी दिवसभर एक शब्द बोलला नाही, पण दुपारी कारवीच्या कुडाला शेण-मातीचा गिलावा चालला होता तिथे पोरगा जाऊन उभा राहिला आणि दोघांनी मिळून ती भिंत लिंपली. मी लांबच बसले होते. बापाशी मी कर्जाचं बोलले, माजी सदस्य सरांनी लिहिलं ते शब्द न् शब्द खरं निघालं, त्याला वाटत होतं तो अजून देणं लागतो आणि मेंढपाळाचा माणूस एकदा येऊनही गेलाय. प्रमाणपत्राची प्रत त्याला दाखवली, वाचून दाखवली, त्याने ती परत परत हातात घेतली. तातडीच्या मदतीचा अर्ज आता टाकलाय. आणि जातीचा दाखला, आधार वगैरेसाठी पीएम जनमनचा (कातकरींसारख्या आदिम जमातींसाठीची केंद्राची योजना) कॅम्प लागणार आहे तिकडे, तेव्हा दोन्ही पोरांची कागदं करून घ्यायचं ठरलंय.

परत आल्यावर मुलगा पहिले काही दिवस खूप चिडचिडा होता, एकाला चावला, अंथरूण ओलं केलं, जे बंद झालं होतं. समुपदेशक म्हणाल्या हे होणारच, घाबरू नका आणि भेटीबद्दल खोदून विचारू नका. आता परत रुळावर येतोय. शिमगा कधी आहे ते कॅलेंडरवर दाखवून घेतलंन माझ्याकडून.

पण आता नवीन काळजी. धाकटा भाऊ सातेक वर्षांचा आहे, वाडीच्या शाळेत नाव आहे, दिवाळीनंतर आईबाप त्याला भट्टीवर घेऊन जाणार. मोठा मला येताना गाडीत म्हणाला, बाई, त्याला पण आणू या आपल्याकडे. त्याला बालगृहात आणणं हे काही बरोबर उत्तर नाही असं मला वाटतं, पण मग काय करायचं?

वाडीवरचा_मास्तर:
वाचून बरं वाटलं ताई. धाकट्याला बालगृहात आणू नका, बरोबर आहे तुमचं, त्याला घर आहे, फक्त ते घर सहा महिने भट्टीवर असतं. दोन रस्ते आहेत. आजी वाडीवर मागे राहणार असेल तर शाळेकडे हंगामी वसतिगृहाची मागणी आत्ताच, दिवाळीच्या सुट्टीआधी नोंदवायला सांगा, पोरं गावातच नातेवाइकाकडे राहतात आणि दोन्ही वेळचं जेवण तिथून होतं. मुख्याध्यापकांनी यादी वेळेत पाठवली तरच मिळतं, म्हणून तुम्ही स्वतः त्यांना फोन करा, बाहेरून कोणीतरी विचारतंय म्हटलं की यादी जाते. आणि आजी राहणार नसेल, पोरगं जाणारच असेल, तर त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं, नाव कापलं जात नाही.

मोठ्यासाठी पुढे घरी जायचा विचार कराल तेव्हा केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतली प्रायोजकत्व मदत (मूल घरीच राहावं म्हणून मिळणारे पैसे) बघा, महिना 4 हजार, बालमजुरीतून सुटलेली मुलं त्यात बसतात, ग्रामीण भागात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 72 हजारांच्या आत लागतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज. खर्चीवर, म्हणजे भट्टीवर हातखर्चाला मिळणाऱ्या पैशांवर, जगणाऱ्या घराला महिन्याला 4 हजार म्हणजे बयाणा न घेता राहता येईल का याचा निदान विचार तरी करता येतो.

आणि एक काम आजच करा. मुकादमाचं नाव आणि भट्टी कुठल्या गावाला आहे ते आईकडून लिहून घ्या, शेजारच्याचा नंबर आहेच तो पण भट्टीवरच जाणार का ते विचारा. बिऱ्हाड निघालं की नंतर कोणाचाच फोन लागत नाही.